चौथी घागर

ज्या घरातले माणूस वर्षाच्या आत गेलेले असते, त्या घरच्या लेकीसुनांनी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर बसायचे नसते, गौराईची गाणी म्हणायची नसतात आणि हसायचे तर नसतेच. रडण्याच्या बाबतीत मात्र रूढी उदार आहे. नरडाण्याच्या पंचक्रोशीत त्या सकाळी झाडाझाडांना दोर बांधलेले होते, माहेरी आलेल्या पोरी आभाळाला पाय लावत होत्या, आणि गिरधर आबांच्या माजघरात फक्त पितरांच्या मातीच्या घागरी एकमेकींना लागून वाजत होत्या.

सुनंदाबाई त्या एकेक पुसून गव्हाच्या राशीवर मांडत होत्या. त्यांचा नवरा शालिग्राम पाटावर बसून विधीत बोटात घालायचे दर्भाचे पवित्रक वळत होता. धुळ्याच्या एका हायस्कुलात तो संस्कृत शिकवी, आणि कुणब्याच्या पोराने संस्कृत शिकवावे याचे लोकांना जेवढे कौतुक होते त्याहून त्याला स्वतःला अधिक होते. गावात आखाजीच्या घागरीला भटजी कोणी बोलावत नसे, तो बोलावी. भटजी एका आचमनात उरकू पाहत. तो तीन करवून घेई.

पहिली घागर आजोबांची, दुसरी वडिलांची, आबांची. तिसरी यंदाची. ती मांडताना सुनंदाबाईंचा हात थबकला. अभिमन, धाकटा दीर, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांचा पदर धरून घरभर फिरत असे.

"चौथी काढू?" त्यांनी विचारले.

"दरसाल काढतो ना?"

"काढतो. म्हणूनच विचारते."

शालिग्रामने पवित्रकावरची नजर न काढता मान डोलावली. चौथी घागर, गेल्या सालापर्यंतची तिसरी, त्याची बहीण यशोदा हिची होती, आणि यशोदा मेलेली नव्हती. ती धुळ्यातच मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. ऐन तारुण्यात विधवा होऊन सासरहून परत आली, काही काळ माहेरच्या चुलीपाशी राहिली, मग दवाखान्यात कामाला लागली, आणि सहा वर्षांमागे तिने बाप्तिस्मा घेतला. आबा महिनाभर कोणाशी बोलले नाहीत. भावकी म्हणाली, 'बाटली', आणि भावकीने तो शब्द तिथेच सोडला असता, कारण पेरण्या तोंडावर आल्या होत्या. सोडला नाही तो शालिग्रामने. त्याने स्मृतिग्रंथ काढले. पतिताच्या नावाचा पाण्याने भरलेला घट लाथेने उलथून त्याला मेला असे समजावे, या विधीला घटस्फोट म्हणत. बिचारा शब्द आता नवराबायकोच्या फारकतीला जुंपला गेला आहे, असे तो वर्गात मिश्कीलपणे सांगे. खानदेशात मात्र आखाजीला घट फोडत नाहीत, भरतात. तेव्हा त्याने दोहोंचा समन्वय केला. बहिणीच्या नावाने दरसाल एक घागर भरायची. हे ग्रंथात नव्हते आणि गावातही नव्हते. पण विद्वत्ता पुष्कळदा अशा फटीतच उगवते.

या घागरीची त्याला लाज वाटत नव्हती. लाज आतल्या खोलीत खाटेवर होती.

तिथे त्याची आई, धुरपदाबाई, नाताळापासून पडून होती. शालिग्राम घरी आला की ती एकच विचारी, "मना अभिमन कसा गया रे?" आणि तो सांगे: माझ्या मांडीवर डोके होते, मी तोंडात गंगाजल घातले, त्याने रामाचे नाव घेतले आणि दिवा शांत व्हावा तसा गेला. पहिल्या खेपेला सांगताना तो अडखळला होता. पुढे पाठ शुद्ध होत गेला. शिमग्याला आला तेव्हा त्यात तुळशीपत्रही आले.

खरे असे होते की टायफॉइड झालेल्या धाकट्याला निंबाने, मधल्या भावाने, मिशनच्या दवाखान्यात नेऊन दाखल केले आणि तो आईला आणायला गावी परतला. मागे धुळ्यात शालिग्राम होता. यशोदा असेल त्या इमारतीत पाय ठेवणार नाही अशी त्याची प्रतिज्ञा होती, आणि ती शाळेतल्या सर्व शिक्षकांना ठाऊक होती. तो कुंपणाबाहेर चिंचेखाली उभा राहिला. नाताळचा दिवस होता. व्हरांड्यात कागदी चांदण्या टांगलेल्या होत्या आणि कोणी पेटीवर गाणी म्हणत होते. मराठी गाणी, अभंगाच्या चालीवर, हे ऐकून त्याला वृत्तदोष काढायचीही सवड झाली. गाणी थांबली आणि शिपाई सांगत आला, "पाटील, आत चला. तुमचा भाऊ गेला." तेव्हाही तो आत गेला नाही. प्रेत त्याने फाटकाशी आणवले. मागोमाग यशोदा आली. त्याने हात आडवा केला, तिथे ती थांबली.

हे जाणणारे घरचे माणूस एकच होते आणि त्याच्या नावाने घागर भरली जात होती. हा योग त्याला आजवर सोयीचा वाटत आला होता.

बाहेर छकडा थांबला. ओट्यावरून बेबाबाई काकींचा आवाज आला. आबांच्या धाकट्या भावाची ही विधवा. गावात काय घडले ते तिला आधी कळे आणि काय घडायला हवे होते ते नंतर.

"अवं सुनंदा, बाहेर ये! निंबा मुराळी बनीसन गया व्हता. देख तं कोनले आनं त्यानी!"

शालिग्राम पवित्रक हातात घेऊनच बाहेर आला. निंबा बैल सोडत होता. छकड्यातून यशोदा उतरत होती: पांढरे सुती पातळ, पायात वहाणा, खांद्याला पिशवी. केस कानांपाशी पिकले होते. समोरच्या झाडाचा झोका मध्येच थांबला आणि त्यावरच्या पोरी बघत राहिल्या.

"निंबा, हे काय?"

"आखाजी शे, भाऊ. आखाजीले बहीनले आनाले जातस. तू गया नही, मी गऊ."

"कोणाला विचारून?"

"मायले."

"आईची प्रकृती कशी आहे, ती काय बोलते..."

"ती एकच बोलस. तूच ऐकस ना दर डाव," निंबा म्हणाला आणि बैलांना गव्हाणीकडे घेऊन गेला.

यशोदा ओट्याच्या पायरीशी उभी होती. "भाऊ, मी आठेच बठसू. आत येत नही. मायले एक डाव भेटू दे, मंग जास."

शालिग्रामने तिच्याकडे पाहिले नाही. ती काय बोलेल याचा विचार त्याच्या डोक्यात एवढ्या वेगाने फिरत होता की ती कशी दिसते याला तिथे जागा नव्हती. "आधी विधी होऊ दे," तो म्हणाला. "भटजी येताहेत. मग बघू."

सुनंदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि घरी पूर्वी ठरले होते तसे, भांडे न लावता, वरून तिच्या ओंजळीत धार धरू लागल्या.

"झाडले पानी घालस का वं?" बेबाबाई म्हणाली. "झाडना बी जोडे, अगदी जवय, जातस लोके."

सुनंदाबाईंची धार हलली आणि यशोदेच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळून पातळावर सांडली. यशोदा हसली, "र्‍हाऊ दे वहिनी, ऊन भारी शे. बरं वाटनं."

भटजी आले. वयस्क, दमलेले, पुढच्या गावी आणखी तीन घरे बाकी असलेले. ओट्यावरच्या बाईकडे त्यांनी एकदा पाहिले आणि जे पाहायचे नव्हते ते न पाहण्याच्या वृत्तीने आत जाऊन आसनावर बसले. मंत्र सुरू झाले. गोत्र कुणब्यांना असते की नसते हा वाद शालिग्रामने पूर्वीच निकालात काढला होता, तेव्हा गोत्र उच्चारले गेले. मग पळीने पाणी सोडत नावे.

"सुकदेव," शालिग्राम म्हणाला. पाणी सुटले.

"गिरधर." पाणी सुटले.

"अभिमन." इथे त्याचा आवाज फाटला. तो खरा होता. त्या दुःखाचे सोंग त्याने कधीच केले नव्हते, ही एक गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवली पाहिजे. डोळ्यांत पाणी आले, समोरचे दिसेना, आणि जिथे दिसत नाही तिथे माणूस सवयीने चालतो. भटजींनी पळी पुढे केली, म्हणाले, "पुढे?" आणि सहा वर्षांची सवय त्याच्या तोंडून मोठ्याने बोलली:

"यशोदा."

"ओ भाऊ! येस ना," ओट्यावरून उत्तर आले.

आणि ती खरोखरच उठून आली. थोरल्या भावाने नावाने हाक मारलेली. तिला थांबण्याचे कारण नव्हते. पदर सावरत ती उंबर्‍यापाशी आली आणि तिला दिसले. चार घागरी, प्रत्येकीवर ठेवलेले एकेक खरबूज, भटजींच्या हातातली पळी, आणि भावाचा चेहरा.

"अवं माय!" बेबाबाई म्हणाली. "घागर बोलनी!"

कोणी हसले नाही, बेबाबाईसुद्धा. भटजींनी पळी पंचपात्रात ठेवली.

"मास्तर, तुम्ही म्हणत आलात की आधार आहे. मी मानलं. तुमचं वाचन माझ्याहून मोठं. पण ओ देणार्‍या माणसाला पाणी कसं सोडायचं, ते माझ्या पोथीत नाही. तुमच्यात असेल तर काढा."

शालिग्रामच्या पोथ्यांत पुष्कळ होते. ते काढायला त्याने तोंड उघडले, तोच उंबर्‍यावरून प्रश्न आला.

"ती मनी शे का?" यशोदेने विचारले.

"हो, ताई," सुनंदाबाई म्हणाल्या. त्यांची मान वर होत नव्हती.

"दरसाल भरतस?"

"दरसाल."

यशोदा त्या घागरीकडे पाहत राहिली. "माले तं वाटे," ती हळू म्हणाली, "आखाजीले मनी याद कोनीच करत नही."

तिने हे उपरोधाने म्हटले असते तर शालिग्राम तरून गेला असता. उपरोध ही त्याची मायभाषा होती. पण ती ते कृतज्ञतेच्या इतक्या जवळून बोलली की त्याला हातातले पवित्रक एकाएकी टोचू लागले.

"कोन बोलनं?" आतून आवाज आला. "यशोदा बोलनी का?"

धुरपदाबाई भिंत धरत बाहेर येत होती. निंबा पुढे झाला. तिने त्याचा हात झटकला. ती उंबर्‍याशी आली आणि आतल्या बाजूला खाली बसली. यशोदा बाहेरच्या बाजूला बसली. मधला उंबरा दोघींनी पाहिलाही नाही. म्हातारीने लेकीचे तोंड दोन्ही हातांत धरले आणि बराच वेळ ती बोटांनी तिचे गाल, कपाळ, पिकलेले केस चाचपत राहिली.

"तू तठे व्हती ना वं? त्याना जोडे?"

"व्हतू, माय."

"मंग सांग माले. मना अभिमन..."

"आई, थांब." शालिग्राम उभा राहिला. त्याचा आवाज वर्गातला झाला होता. "आधी मला हिला एक विचारायचं आहे. सगळ्यांच्या समोर." आपण हे का करतो आहोत ते त्याला नीट ठाऊक होते, विद्वत्तेचा तोटा असा की माणसाला स्वतःचा हेतू वाचता येतो. साक्षीदार बोलण्यापूर्वी साक्षीदार भ्रष्ट ठरला पाहिजे. "यशोदा, अभिमनवर पाणी घातलंस का? तुमच्या त्या विधीचं? तो शुद्धीवर नसताना? घातलं असशील तर सांग, म्हणजे ही तिसरी घागरसुद्धा व्यर्थ आहे हे आम्हाला कळेल."

"शालिग्राम!" बेबाबाई म्हणाली. तिच्या तोंडून त्याच्या नावापुढे 'मास्तर' न लागण्याची ही पहिलीच वेळ.

यशोदेने आईचे हात स्वतःच्या हातांत घेतले. "घालं," ती म्हणाली.

निंबा चौकटीपाशी येऊन उभा राहिला.

"पानी घालं, भाऊ. तो सारखा पानी मांगे. डाक्टरनी सांगेल व्हतं, पोटमा पानी जावाले नको, आतडाले धोका शे. मंग मी कापूस भिजाडीसन व्होटले लावं. जीभले लावं. तो कापूस चोखे, ल्हान पोर चोखस तसा. तेवढंच पानी घालं. दुसरं नही. त्यानी मांगं नही, मी घालं नही."

म्हातारीचे ओठ हलले. तिने जणू तो ओला कापूस स्वतःच्या जिभेवर घेतला.

"आनि गंगाजल?" तिने विचारले. "ते कव्हय घालं भाऊनी? डोकं मांडीवर लिधं तव्हय?"

आता यशोदेने वर पाहिले. शालिग्रामने तिची नजर चुकवली नाही, कारण चुकवायला जागा नव्हती. ही मिशनची माणसे खोटे बोलत नाहीत अशी धुळ्यात ख्याती होती; तो स्वतः त्यांच्या भाबडेपणाचा पुरावा म्हणून हे सांगत असे. तो वाट पाहत उभा राहिला. ते कसे सांगायचे हे जुळवायला तिला थोडा वेळ लागला.

"भाऊ व्हता, माय," ती म्हणाली. "फाटकबाहेर चिंचखाल उभा व्हता. सकायपाईन. खिडकीमाईन दिखे. अभिमन इचारे, भाऊ उना का? मंग मी त्याले उशी लाईसन बसाडं, सांगं, देख, तो देख भाऊ, तुनाकरता उभा शे. त्यानी देखं. बराच येळ देखं. मंग तो शांत व्हयना."

तिने काही लपवले नव्हते आणि काही आरोपही केला नव्हता. आरोपाला त्याच्यापाशी सात-आठ उत्तरे तयार होती. या गोष्टीला एकही नव्हते. धाकट्याने आपल्याला पाहिले, हे त्याला आजवर माहीत नव्हते. आपण त्या वेळी गाण्यांतले वृत्तदोष काढत होतो.

"बाहेर?" धुरपदाबाईने विचारले.

"हा, माय."

"शेवटपावत?"

यशोदेने आईचे हात आणखी घट्ट धरले.

म्हातारीने मान वळवून थोरल्या मुलाकडे पाहिले. त्याला वाटले, आता ती शाप देईल; तो त्यासाठी जवळजवळ आतुर होता. तिच्या चेहर्‍यावर राग नव्हता. ती डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहत होती, ताप आहे की नाही हे लांबून पाहावे तसे.

"तुले धाक वाटना का रे, बापू?" ती म्हणाली. "मंग तसं सांगाले काय व्हयनं व्हतं? दर डाव मी इचारे, दर डाव तू सांगे. तुलसीपत्र बी सांगं तू."

"आई, मी..." तो म्हणाला. वाक्य तिथेच संपले. कर्ता होता, क्रियापद सापडेना.

सुनंदाबाई उठल्या. नवर्‍याच्या शेजारून गेल्या, उंबरा ओलांडून बाहेर गेल्या आणि यशोदेला खेटून, खांद्याला खांदा लावून बसल्या. ओले पातळ अजून वाळले नव्हते. ते त्यांच्या पदराला लागले. निंबा दाराच्या चौकटीला टेकून खाली बसला. माजघरात घागरींपाशी शालिग्राम आणि भटजी राहिले, आणि भटजींनीही पंचांग मिटले होते. उठून जायला हवे हे त्यांना कळत होते. ते उठले नाहीत.

"तू कसी र्‍हायनी वं?" म्हातारी लेकीला विचारत होती. "सनसुदले? एकटी?"

"पहिली आखाजीले मी दिवसभर फाटकजोडे उभी व्हतू, माय. म्हनू, कोनी तरी लेवाले ई. समद्या नर्सेस सुटीवर गयात. कोनी उनं नही. मंग खोलीमा जाईसन इतली रडनू, इतली रडनू..." ती थांबली. "मंग त्याना नाव लिधं. येसूनं. त्याले बी घरना लोकेसनी दार लाई लिधेल व्हतं, माय. त्याले समजाडीसन सांगनं नही पडे."

"तो तुले काय देस वं?" बेबाबाईने विचारले. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिलाही मूलबाळ नव्हते आणि तिच्याकडेही आखाजीला कोणी येत नसे.

"काहीच नही देस, काकी. जोडे बठस. रडू देस."

बेबाबाईने यावर विचार केला. "इतलं तं आमना देव बी करतस," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "पन त्यासले सवड नही र्‍हास."

यशोदेला हसू आले आणि त्या हसण्यातच रडू आले, आणि म्हातारीने तिला कुशीत ओढली. दुखवट्याचे घर होते. बाहेर झोक्यावरच्या पोरींनी पुन्हा गाणे धरले होते.

"अभिमन जाये तव्हय तू काय म्हनेल?" धुरपदाबाई म्हणाली. "काही तरी म्हनेल व्हशी. तेच म्हन. माले ऐकू दे."

यशोदेने भावाकडे पाहिले. परवानगी मागावी तसे. शालिग्रामने मान हलवली की नुसती खाली घातली, हे त्याचे त्यालाही सांगता आले नसते. तिने डोळे मिटले आणि ती बोलू लागली. पुस्तकातली भाषा नव्हती, चुलीपाशी बोलतात ती होती.

"हे बाप, आम्ही आठे बठेल शेतस. आमना अभिमन तुनाजोडे शे. आमले त्याना बिगर करमत नही. आमले जोडे घे. आमले टाकू नको."

शालिग्राम ऐकत होता, आणि चाळीस वर्षांत अंगी मुरलेले व्याकरण त्याच्या इच्छेविरुद्ध चालू झाले. संस्कृताला उत्तमपुरुषाचे, म्हणजे 'मी'चे, अनेकवचन एकच. इंग्रजीलाही एकच. मराठीला मात्र दोन: ऐकणारा आत घ्यायचा तर 'आपण', बाहेर ठेवायचा तर 'आम्ही'. ही श्रीमंती तो दरवर्षी वर्गात अभिमानाने दाखवी, आणि तिचा जो खरा उपयोग त्याने आयुष्यात केला होता तो म्हणजे 'आम्हांला ती मेली' हे वाक्य. ती आता 'आम्ही' म्हणत होती. ऐकणारा देव होता. म्हणजे या 'आम्ही'च्या बाहेर नियमाने एकटा देव राहत होता. बाकी जो कोणी त्या घरात होता तो आत होता, आई, सुनंदा, निंबा, काकी, पंचांग मिटून बसलेले भटजी. त्याने अपवाद शोधला. त्याला अपवाद शोधता येत असत, ते त्याचे कामच होते. सापडला नाही. तेव्हा सोवळे नेसलेला तो विद्वान माणूस जिथे उभा होता तिथेच, सारवलेल्या जमिनीवर, कोणी बस न म्हणता बसला.

"आमनी लाज," यशोदा म्हणत होती, "तुले ठाऊक शे. ती तू झाकी ले."

लाज एकवचनी होती. कोणाची, ते तिलाही ठाऊक होते आणि त्यालाही; आणि तरी तिने ती बहुवचनात घातली होती.